खिसे बघितलेस का?

फोन आला तेव्हा माझा हात एका अनोळखी माणसाच्या पँटच्या खिशात होता. घाटकोपरला शैलाकाकूंच्या शिवणाच्या दुकानात, पुढच्या टेबलाशी मी उभी होते. जुनी पँट द्यायला आलेले गृहस्थ समोर थांबले होते, कारण खिसे देणाऱ्याच्या देखत बघायचे हा आमच्याकडचा नियम. फोन अरविंदकाकांचा होता. ते एवढंच म्हणाले, "प्रज्ञा, तुझी ताई गेली गं." मी 'हो' म्हणाले. मग राहिलेला खिसा बघितला, त्यात घडी घातलेला रुमाल निघाला, तो त्या गृहस्थांच्या हातात दिला आणि मगच खाली बसले. शैलाकाकूंनी मशीन थांबवलं. मी आधी खिसा पुरा बघितला हे ताईंना आवडलं असतं, असं नंतर बऱ्याचदा मनात आलं. त्यांनी तसं बोलून मात्र दाखवलं नसतं. काही आवडलं की त्या गप्प राहायच्या, आणि बिनसलं की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं.

ताई म्हणजे शुभदाताई, अरविंदकाकांच्या पत्नी. माझ्या नात्यातल्या नव्हेत. मी त्यांच्याकडे काम शिकायला गेले आणि तिथेच राहिले. अंधेरीला एमआयडीसीत कपडे निर्यात करणाऱ्या एका कंपनीत त्यांनी खूप वर्षं कापड खरेदीचं काम केलं होतं. कापडाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या, चार देश फिरून आलेल्या. वडील गिरणीत होते, गाव मालवणकडचं. पन्नाशी उलटल्यावर नोकरी सोडून त्यांनी स्वतःचं छोटं काम सुरू केलं. लोकांच्या घरातले जुने कपडे परत घ्यायचे, त्यातले घालण्याजोगे वेगळे काढून गरजेच्या घरी पोचवायचे, उरलेले पिंजून त्यांचं पुन्हा सूत करणाऱ्या कारखान्याला द्यायचे आणि ते सूत कपडे विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीपर्यंत न्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. ताई म्हणायच्या, "यात दोनच गोष्टी कठीण. लोकांकडून कपडा घ्यायचा कुठे, आणि सूत करायला द्यायचं कोणाला. ही दोन माणसं नीट निवडली की बाकीचं टेम्पोवाला करतो."

मी मानखुर्दची. पप्पा मूळचे जालन्याकडचे, एका ऑफिसात हाउसकीपिंगला आहेत. आई घरी मशीनवर परकर शिवते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे 'इंटर्नशिप' या शब्दाचा अर्थ घरात कोणाला विचारायची सोय नव्हती. नोटीस बोर्डावर वाचून मी मुलुंडला ताईंच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे त्यांच्याच इमारतीखालचा एक गाळा, त्यात छतापर्यंत पोती. मी फाइल पुढे केली. त्यांनी ती उघडलीच नाही.

"आई काय करते?"

"परकर शिवते, मॅडम. घरीच."

"तुला येतं शिवायला?"

"थोडं थोडं."

"आणि उसवायला?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी म्हणाले, उसवायला काय, सगळ्यांनाच येतं. त्या हसल्या. "नाही येत. लोक फाडतात. शिवणाऱ्या पुष्कळ मिळतात गं, मला उसवणारी पाहिजे." आणि मग, "मॅडम नको म्हणूस. ताई म्हण. मॅडम ऐकलं की मला वाटतं, कोणीतरी बिल घेऊन आलंय."

कपडे परत घ्यायची आमची पहिली जागा ताईंनीच निवडली होती आणि ती साफ फसली. तो किस्सा त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या, म्हणून मीही सांगते. त्यांचा हिशोब असा, की लोक जिथे आधीपासून कपडे घेऊन जातात तिथेच आपली जागा असावी. म्हणजे इस्त्रीवाला. मुलुंडच्या एका मोठ्या सोसायटीच्या गेटशी रामआसरेभैया बसायचे. ताईंनी त्यांना समजावलं, त्यांनी जोरजोरात मान हलवली, आणि सोसायटीत पत्रकं वाटली गेली. आठवड्याभरात गाठोडीच्या गाठोडी आली. आम्ही टेम्पो घेऊन गेलो तर तिथे एकही कपडा नाही. भैयांनी ते सगळे, फाटके बनियनसुद्धा, कडक इस्त्री करून ज्याच्या त्याच्या घरी परत पोचवले होते. वर लोकांकडे इस्त्रीचे पैसे मागत होते. सोसायटीच्या सेक्रेटरी बाई हातात घडी घातलेलं फडकं घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, "हे माझं लादी पुसायचं होतं हो. आता पुसवत नाही." ताई रस्त्यात उभ्या राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. भैयांना म्हणाल्या, "आपकी गलती नहीं. तुमच्याकडे आलेला कपडा परत जाणारच. तीस वर्षांची सवय आहे ती, माझ्या पत्रकाने मोडते का?" त्या दिवशी घरी जाताना त्या मला म्हणाल्या, की जागा निवडायची म्हणजे माणसाची सवय निवडायची. ते वाक्य मी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये घातलं. सरांनी त्याखाली लाल रेघ ओढली. ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "ओढू दे. लाल रेघ ठळक दिसते."

सूत करणारा कारखाना शोधायला आम्ही भिवंडीला गेलो. पहिल्या कारखान्यात काचेचं ऑफिस होतं, भिंतीवर सर्टिफिकेटं होती, चहाबरोबर काजू आले. ताईंनी कशाला हात लावला नाही. म्हणाल्या, "बायकांचं बाथरूम कुठे आहे?" मॅनेजर गोंधळले, कारण त्याला कुलूप होतं आणि किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन जेवायला गेलेला. ताईंनी पर्स उचलली. "चल गं." बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं, की आपण सूत तर बघितलंच नाही. "ज्याला आत काम करणाऱ्या बायांची सोय बघता येत नाही," त्या म्हणाल्या, "तो आपल्या चिंध्यांची काय बघणार?"

तिसऱ्या ठिकाणी अन्सारीभाईंचा कारखाना. जागा अंधारी, मशीनचा असा आवाज की शेजारच्याचंही ऐकू येऊ नये. पण बाथरूमला आतून कडी होती, बादलीत पाणी होतं, आणि कोणीतरी छोटा आरसा टांगला होता. ताई बाहेर आल्या त्या प्रसन्न होऊनच. मग मात्र त्यांनी अन्सारीभाईंना सोडलं नाही. सूत ताणून बघितलं, बोटांत ओलं करून बघितलं, काडी पेटवून एक धागा जाळला आणि त्याचा वास घेतला. पिंजायच्या यंत्राच्या तोंडाशी लोहचुंबक बसवलंय का, तेही वाकून पाहिलं. कपड्यात एखादी किल्ली राहिली तर यंत्रात ठिणगी उडते आणि कापसाला आग धरायला वेळ लागत नाही, हे मला तेव्हा समजलं. अन्सारीभाईंना वेगळंच काही समजलं. आल्याआल्या बाथरूम विचारणाऱ्या मॅडमना साखरेचा आजार असणार, असा त्यांनी अंदाज केला आणि ताईंपुढे बिनसाखरेचा चहा ठेवला. ताई भरपूर साखर घालून चहा पिणाऱ्या. पण माणसाने मायेने ठेवलाय, आता कसं सांगायचं, म्हणून प्यायल्या. पुढे प्रत्येक खेपेला तो फिका चहा यायचा, आणि प्रत्येक खेपेला त्या तोंड वाकडं न करता संपवायच्या. बाहेर पडल्यावर पहिल्या टपरीवर थांबून मला म्हणायच्या, "आता खरा पाज."

कपडे घ्यायची जागा शेवटी घाटकोपरला सापडली. भाजीच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीशेजारी शैलाकाकूंचं फॉल-बिडिंग आणि अल्टरचं दुकान. दुकान अरुंद, पण पुढे एक टेबल मावत होतं. बायका दळण टाकायच्या आणि दळण होईपर्यंत त्यांना रिकामा वेळ असायचा. ताईंना तो रिकामा वेळ आवडला होता. तिथे आम्ही काम कसं करायचं ते त्यांनी ठरवून दिलं. पिशवी दोन्ही हातांनी घ्यायची. एकेक कपडा देणाऱ्याच्या समोर उलगडायचा, खिसे बघायचे, जे निघेल ते परत द्यायचं. मग विचारायचं, "कापायचा की घालायचा?" म्हणजे यंत्रात पिंजायला द्यायचा, की कोणाला तरी वापरायला. कापायचा म्हटलं तर तिथेच त्याची बटणं, चेन, हूक उसवून काढायचे. घालायचा असेल तर बटणाला हात लावायचा नाही. आमच्यातल्या कोणी स्वतःसाठी एक रुमालसुद्धा उचलायचा नाही. पिशवी भरली की ताई तिथे असल्या तर मागून आवाज यायचाच, "खिसे बघितलेस का?" मी हो म्हटलं तरी त्या पुन्हा बघायच्या. सुरुवातीला मला राग यायचा.

एक दिवस साठीच्या एक बाई दळण टाकून आमच्याकडे आल्या. पिशवीत पुरुषाचे शर्ट, सगळे धुतलेले. त्या देईनात आणि परतही नेईनात. ताईंनी स्टूल पुढे सरकवलं आणि काही न विचारता पहिला शर्ट उलगडला. खिशात पेपरमिंटची गोळी निघाली. दुसऱ्यात पण. तिसऱ्यात दोन. ताई एकेक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवत गेल्या. "डायबेटीस होता हो," त्या बाई म्हणाल्या, "घरात साखरेचा डबा मी कपाटात ठेवत होते... आणि ह्यांचं हे बघा." आणि त्या हसायला लागल्या, आणि मग हसत राहिल्या नाहीत. शैलाकाकूंनी पाणी आणलं. गिरणीवाल्याने दळण झालं म्हणून हाक मारली, तीही कोणाला ऐकू आली नाही. बऱ्याच वेळाने ताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, "कापा. गेलेल्या माणसाचं कोणी घालत नाही." पिशवी आम्ही घेतली. चार पावलं जाऊन त्या परत आल्या. "तो निळ्या रेघांचा तेवढा... घालायला द्या कोणाला तरी. पण आमच्या इकडे नको हं. समोरून कोणी घालून आला तर काय करू मी?"

त्या दिवसापासून ताईंनी नवीन नियम केला. घाटकोपर-मुलुंडचे घालायचे कपडे पार पलीकडे, बोरिवलीच्या बाजूला द्यायचे. टेम्पोचं डिझेल जास्त जायचं. अरविंदकाका म्हणाले, "अगं, परवडतं का हे?" ताई म्हणाल्या, "नाही परवडत."

आमचं सूत घेणाऱ्या आणि टेबलाचा खर्च देणाऱ्या त्या मोठ्या कंपनीला मात्र हे टेबल खरंच परवडत नव्हतं. त्यांनी मॉलच्या दाराशी आणि पेट्रोल पंपांवर निळे लोखंडी डबे ठेवले होते. या, टाका, जा. काही महिने डबे आणि आमचं टेबल दोन्ही चालवून बघायचं, मग एकच ठेवायचं, असं ठरलं होतं. डबे भराभर भरायचे आणि तो मालही अन्सारीभाईंकडेच जायचा. आमच्या टेबलावर दळणाच्या वेगाने कपडे यायचे. ताईंना काळजी टेबलाची होती. शैलाकाकूंना त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, की हे टेबल मी उठू देणार नाही. आणि नेमकं त्याच काळात त्यांचं पोट दुखायला लागलं, जेवण जाईना, आणि तपासण्यांमधून जे निघायला नको होतं ते निघालं.

कंपनीच्या अंधेरीतल्या मीटिंगला त्या जाऊ शकल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तू जा." मी म्हणाले, मला इंग्लिश नाही येत त्यांच्यासारखं. "कपड्याला येतं का इंग्लिश? जा." मी गेले. निखिल सर म्हणून एक अधिकारी होते, माझ्याहून थोडेच मोठे, वागायला चांगले. त्यांनी पडद्यावर आलेख दाखवला. डब्यांची रेघ उंच, आमची जमिनीला टेकलेली. "टेबलाला माणूस लागतो, डब्याला लागत नाही. बरोबर ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "हो सर." मग मी पेपरमिंटवाल्या बाईंचं सांगितलं, मराठीतच, अडखळत. निखिल सर म्हणाले, "खूप छान आहे हे. पण हे मी आलेखात कसं घालू, सांग?"

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये जाऊन मी ताईंना सगळं सांगितलं आणि रडले. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, हाताला सलाइन. "खरं बोलला गो तो," त्या म्हणाल्या. "नाहीच घालता येत. तू प्रयत्न केलास ना? मग रडतेस कशाला खुळ्यासारखी? पेशंट मी आहे." काकांनी संत्र्याची फोड पुढे केली, ती त्यांनी मला दिली.

त्यानंतर थोड्या दिवसांनी अन्सारीभाईंकडे पिंजण्याच्या यंत्रात ठिणगी उडाली. डब्यातल्या एका जीन्सच्या खिशात लायटर राहिला होता. चुंबकाने किल्ल्या ओढून घेतल्या, प्लॅस्टिकचा लायटर कसा ओढणार? आग लगेच विझली, कोणाला काही झालं नाही. पण त्या डब्यांतून ओले टॉवेल यायचे, चपला यायच्या, एकदा अर्धा वडापावही आला होता. अन्सारीभाईंनी कंपनीला कळवलं, की डब्याचा माल यापुढे मी घेणार नाही. मलाही फोन केला. "बेटा, मॅडमना सांग. टेबलवाला माल जितना है उतना भेजो. धीरे आने दो. साफ आने दो." मी पळत हॉस्पिटलला गेले. ताई आता फार बोलत नव्हत्या. मी कानाशी वाकून सांगितलं. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "कोणाला लागलं नाही ना?" नाही म्हटल्यावर पुन्हा मिटले. थोड्या वेळाने, डोळे मिटलेलेच असताना, म्हणाल्या, "त्याला सांग आता... मला साखर चालते." आमचं शेवटचं बोलणं ते.

मी अन्सारीभाईंना सांगितलं, पण त्या गेल्यावर. फोनवर मागे यंत्रांचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "इतने साल? एकदा बोलायचं ना."

कंपनीचा निर्णय ताई गेल्यानंतर आला. डबे उचलणार आहेत. टेबल राहणार, आणि आणखी दोन टेबलं लावायची, एक मुलुंडला, एक बोरिवलीला. जागा मी बघायच्या. निखिल सरांनी स्वतः फोन केला. म्हणाले, "मॅडमना सांगता आलं असतं तर..." मी 'हो सर' म्हणाले. मला तेवढंच येतं अजून. शैलाकाकूंना सांगितलं तर त्यांनी पदराने टेबल पुसलं, जे आधीच स्वच्छ होतं.

परवा अरविंदकाका आले. हातात मोठी कापडी पिशवी. ताई आजारी असताना त्यांनी ती कपाटाच्या खालच्या कप्प्यात भरून ठेवली होती म्हणे, काकांना आता सापडली. वर सुतळीची गाठ, ताईंची, एका टोकाने ओढली की सुटणारी. मी दोन्ही हातांनी पिशवी घेतली. काका स्टुलावर बसले. "तू तो प्रश्न विचारशील ना आता," ते म्हणाले, "कापायचा की घालायचा... मला उत्तर माहीत नाही गं."

मी पहिला कुर्ता उलगडला. दोन्ही खिसे आधीच उलटे करून बाहेर काढलेले होते. बटणं नव्हती. जिथे बटणं होती तिथे कापडाला इजा नाही, एक धागा ओढलेला नाही. दुसराही तसाच, तिसराही. सलवारींच्या नाड्या काढून वेगळ्या गुंडाळलेल्या. तळाशी एका पुडीत सगळी बटणं. घरी पडल्या पडल्या, हातात जोर नसताना, त्यांनी हे कधी उसवलं असेल? काकांनाही माहीत नव्हतं. ते पुडी हातात घेऊन नुसती हलवत राहिले.

"विचारायला नको काका," मी म्हणाले. "त्यांनीच सांगून ठेवलंय."

सगळ्यात खाली त्यांचा हिरवा खादीचा कुर्ता होता. भिवंडीला, अंधेरीला, सगळीकडे घालायच्या तो. त्याची लाकडी बटणं जागच्या जागी होती. गळ्यापाशी एक सैल झालं असेल, ते नव्या दोऱ्याने पक्कं केलेलं.

काकांनी तो ओळखला. "हा घालायचा?"

"हो."

"कुठे जाईल?"

"बोरिवलीला. इकडे नाही देत आपण."

"बरं आहे," ते म्हणाले. "इकडे कोणी समोरून आलं असतं तर..." गिरणी चालू होती, शैलाकाकूंच्या खांद्यावरही पिठाचा पांढरा थर बसला होता. त्यांनी मशीन थांबवलं होतं आणि आमच्याकडे बघत नव्हत्या.

नियम म्हणून मी त्या कुर्त्याचे खिसे बघितले. डावा रिकामा. उजव्यात हात घातला. तोही रिकामाच. आतलं कापड वापरून वापरून मऊ झालेलं, कोपऱ्यात जरा झिजलेलं, त्यांची बोटं जिथे टेकत असतील तिथे.

"काय आहे गं?" काकांनी विचारलं.

"काही नाही, काका."

"मग काढ की हात."

"काढते," मी म्हणाले.